सोन्याची शेंग कुठल्या बाजूला कललीय

मला दिलेलं काम एका ओळीत मावत होतं. या प्रोजेक्टमधलं सोनं अजून किती वाढू शकतं ते सांग, सहा महिन्यात. मला चौदा महिने लागले, आणि ते चौदा महिने नेमके कशात गेले असं काही मराठीत मला कधी वाचायला मिळालं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. जिऑलॉजी शिकणाऱ्या पोरापोरींसाठी तर खासच.

मी मूळची काटोलची, एमएस्सी नागपूरला केलं, आणि गेली काही वर्षं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला एका छोट्या एक्सप्लोरेशन कंपनीत जिऑलॉजिस्ट आहे. १८९३ मध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथे सोनं सापडलं आणि त्यावर अख्खं गाव उभं राहिलं, शहराला अगदी खेटून सुपर पिटचा प्रचंड खड्डा आहे, तो आजही चालू आहे. आमचं प्रोजेक्ट तिथून उत्तरेला गाडीने दोन तास, लाल माती, काटेरी झुडपं, माश्या, आणि मधोमध नव्वदच्या दशकात थोडं खणून सोडून दिलेला एक छोटा खड्डा. प्रोजेक्टचं आणि कंपनीचं नाव मी सांगणार नाही.

कागदावर काय होतं तर साधारण २० लाख टन दगड, टनामागे २.१ ग्रॅम सोनं, म्हणजे १ लाख ३५ हजार औंसच्या आसपास (सोन्याचा एक औंस म्हणजे साधारण ३१ ग्रॅम). एक टन दगडातून एका नाजूक अंगठीपुरतं सोनं, एवढंच. इथल्या हिशोबाने हे लहान काम, एवढ्यावर कोणी स्वतःची मिल, म्हणजे दगड दळून सोनं काढायचा कारखाना, उभारत नाही, त्यामुळे सगळा प्रश्न हाच की पुढे आहे का. आणि कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये आधीच लिहून ठेवलेलं होतं, ओपन अ‍ॅट डेप्थ, ओपन अलाँग स्ट्राइक, सगळीकडून ओपन, म्हणजे खोलवर आणि शिरेच्या लांबीलाही खुलं.

या ओपन शब्दावर माझा खरंच राग आहे. ओपन म्हणजे काय, तर तिकडे कोणी ड्रिल केलं नाही, बास. तिकडे सोनं आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, पण वाचणारा तसंच वाचतो, आणि त्यात शेअर घेणारे बरेचसे लोक आपल्या आईबाबांसारखेच साधे पगारदार असतात.

पहिले तीन महिने मी एकही नवीन होल मारलं नाही. जुना डेटा तपासत बसले. ३०० च्या वर जुनी होल्स होती, बहुतेक आरसी म्हणजे आपल्याकडच्या बोअरवेलसारखीच, हॅमर खाली जातो, हवेच्या जोराने चुरा वर येतो, फक्त इथे तो चुरा दर मीटरला वेगळ्या पिशवीत भरतात आणि लॅबला पाठवतात. डेटाबेस उघडला तर त्यातली अकरा होल्स विचित्र दिसत होती, आजूबाजूच्या होल्समध्ये सोनं एका रेषेत आणि या अकरामध्ये रेषेच्या बाहेर, जणू दुसरीच शीर असावी. आधीच्या माणसाने ती खरोखर वेगळी शीर म्हणून मॉडेलमध्ये काढलीही होती. मला झोप लागेना. शेवटी जुने कागदी लॉग खोक्यातून काढले, एकेक पान, आणि एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं सापडलं की दिशा लोकल ग्रिडप्रमाणे, म्हणजे खाणीपुरत्या आखलेल्या स्वतःच्या उत्तरेप्रमाणे. ती जुनी लोकल ग्रिड खऱ्या उत्तरेपासून २७ अंश फिरवलेली होती, आणि डेटा भरताना कोणीतरी या अकरा होल्सचे आकडे तसेच्या तसे खऱ्या उत्तरेचे म्हणून टाकले. दुरुस्त केल्यावर ती दुसरी शीर नाहीशी झाली. १२ हजार औंस गेले. सोनं वाढवायला बसवलेल्या बाईने पहिल्या महिन्यात सोनं कमी केलं, पण बॉसला मी तेच सांगितलं की पाया चुकीचा असेल तर पुढचं सगळंच चुकणार, आणि त्यानेही ऐकून घेतलं याबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो.

दुसरी गोष्ट ओल्या सॅम्पलची. इथे खाली पाणी लागतं, तेही समुद्रापेक्षा खारट, आणि जुन्या मशीनला हवेचा जोर कमी पडायचा. पाणी लागलं की चुरा कोरडा वर येत नाही, चिखल होतो, आणि वरच्या मीटरमधलं सोनं ओघळत खालच्या सॅम्पलमध्ये मिसळतं. रिझल्टमध्ये ते ओळखता येतं, एकदम ८ ग्रॅम लागतं, मग ५, ३, २, १ असं पायरीपायरीने उतरत जातं, खऱ्या शिरेत असं गोडगोड उतरत नाही, ती तुटक असते. सगळ्यात खोल गेलेली आणि प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेली तीन होल्स नेमकी अशीच होती. म्हणजे खोलवर सोनं आहे याचा जो मुख्य पुरावा होता तोच संशयास्पद.

मग मी जमिनीवर गेले. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कंप्युटरवरचं मॉडेल कितीही सुंदर असलं तरी आधी जागेवर जाऊन पायाने फिरा. आमच्या खड्ड्याच्या दक्षिणेला जुन्या काळच्या सोनं शोधणाऱ्यांनी हाताने खोदलेले पाच-सहा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखे अरुंद खड्डे आहेत, आता तारेचं कुंपण घातलंय. मी एकाच्या काठाशी पोटावर झोपून बॅटरी आत मारली (हार्नेस आणि सोबत माणूस असल्याशिवाय हे करायचं नाही) आणि दिसलं काय तर शाफ्ट सरळ खाली जातच नाही, आठ-दहा मीटरनंतर तो दक्षिणेकडे तिरका होतो. शेजारचाही तसाच. त्या माणसांकडे ना लॅब होती ना नकाशा, पण दिवसभर पाठ मोडून खोदणारा माणूस सोनं नसलेला दगड एक फूटसुद्धा फुकट खोदत नाही, तो सोन्याच्या मागेच जातो. कॉलेजात असताना आम्ही कर्नाटकात हट्टीच्या खाणीवर ट्रेनिंगला गेलो होतो, तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी खोदलेल्या जागा आहेत, दगड आगीने तापवून फोडत ते खाली गेले, आणि त्यांच्याच खुणांवरून पुढच्या लोकांनी खाणी सुरू केल्या. त्याच पट्ट्यात मस्कीला अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सापडला तोही सोनं शोधत फिरणाऱ्या एका इंजिनियरलाच. जुन्या खोदकामाला हात जोडावेत असं मला मनापासून वाटतं ते यामुळे.

तर दक्षिणेकडे तिरकं. याला आमच्यात प्लंज म्हणतात. सोन्याची शीर म्हणजे जमिनीत उभा रोवलेला मोठा पत्रा असं डोळ्यासमोर आणा. पण त्या पत्र्यात सोनं सगळीकडे सारखं नसतं, काही पट्ट्यांमध्येच भरलेलं असतं, आणि ते पट्टे शेवग्याच्या शेंगेसारखे लांबोडके आणि एका बाजूला कललेले असतात. शेंग जमिनीत तिरकी खुपसलीय आणि तुम्ही वरच्या टोकाच्या सरळ खाली बोअर मारत राहिलात तर शेंग कधीच लागणार नाही, ती केव्हाच बाजूला सरकलेली असते, आणि तुम्ही म्हणणार सोनं संपलं. काटोलला आमच्या संत्र्याच्या बागेत असंच झालं होतं, पाणाड्याने दाखवलेल्या जागी ६०० फूट कोरडं गेलं आणि बांधापलीकडे पन्नास फुटांवर काकांच्या शेतात पाणी लागलं, बाबा रात्रभर ओट्यावर बसून होते. दगडातली भेग कुठल्या दिशेने जाते हे कळल्याशिवाय खोली वाढवून उपयोग नसतो हे मी तिथे पाहिलं, शिकले नंतर.

या भागात प्लंजमुळे काय होऊ शकतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लिओनोराजवळची ग्वालिया. १८९८ मध्ये तिथे मॅनेजर म्हणून हर्बर्ट हूवर आला होता, तोच जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १९६३ ला खाण बंद पडली, गाव जवळपास रिकामं झालं, आणि नंतर पुन्हा सुरू होऊन त्याच शेंगांच्या मागे खाली खाली जात ती आज दीड किलोमीटरच्याही पलीकडे पोचलीय. लेन्स्टरजवळची बेलव्ह्यू १९९७ ला बंद झाली आणि २०१७ मध्ये जुन्या खाणीशेजारीच नव्या शिरा लागल्या. अशा गोष्टी ऐकून प्रत्येक छोट्या कंपनीला वाटतं आपलंही तेच होईल. म्हणूनच मोजमाप पाहिजे.

मोजमापाला अखंड कोअर लागतो. डायमंड ड्रिलिंग म्हणजे हिऱ्याची कणी बसवलेला पोकळ बिट गोल फिरत दगडाचा अखंड दांडका बाहेर काढतो, आणि तो जमिनीत कुठली बाजू खाली करून होता याची खूण त्यावर करून घेतात, तेव्हा त्यातल्या भेगांची खरी दिशा मोजता येते. नव्वदच्या दशकातले तीन कोअर होते पण खूण नव्हती आणि ट्रे उन्हात कुजलेले. दोन नवीन मारायची परवानगी मिळाली, फार खोल नाही, खड्ड्याच्या अगदी जवळ, फक्त समजून घेण्यासाठी.

त्या कोअरने मला उत्तर दिलं. आमचा मुख्य दगड डोलेराईट, काळपट हिरवा, आणि त्याच्या एका थरात लोखंड बाकीच्यापेक्षा बरंच जास्त आहे, लोहचुंबक टेकवला की टच्च चिकटतो. खालून गरम पाणी वर येताना सोनं गंधकाशी बांधलेलं असतं. असं पाणी लोखंड भरपूर असलेल्या दगडात शिरलं की गंधक लोखंडाशी जुळतो, पायराईट तयार होतो, आणि सोन्याचा आधारच सुटतो म्हणून ते तिथेच बसतं. कोअरवर हे बोट ठेवून दाखवता येतं, क्वार्ट्झची पांढरी शीर, तिच्या दोन्ही बाजूंना हिरवा रंग जाऊन पडलेला फिकट बदामी पट्टा, आणि त्या पट्ट्यात पिवळ्या मोहरीसारखा पायराईट. जिथे हा पट्टा संपतो तिथे लोहचुंबक परत चिकटायला लागतो कारण तिथलं लोखंड अजून वापरलं गेलेलं नाही. मी तो पट्टा इतक्या वेळा पाहिला तरी दरवेळी कोअर ओला करून भिंग लावताना छाती धडधडते.

म्हणजे सोनं बसायला दोन गोष्टी एकत्र यायला हव्यात, भेगांचा पट्टा आणि हा लोखंडाचा थर. दोन पत्रे एकमेकांना छेदले की छेदाची एक रेषा होते आणि तीच आमची शेंग. मोजमापं मांडली तर ती रेषा दक्षिणेकडे साधारण ३५ अंशांनी खाली जाणारी आली. जुने शाफ्ट हेच सांगत होते!

मग मी मोठा कागद छापून भिंतीवर लावला, शीर समोरून बघितल्यासारखा लाँग सेक्शन, प्रत्येक होल जिथे शिरेला छेदतं तिथे टिंब आणि टिंबाशेजारी ग्रेड (टनामागे किती ग्रॅम सोनं) गुणिले जाडी. रंगीत पेन्सिलींनी हातानेच रंगवलं, २० च्या वर लाल, १० ते २० केशरी, खाली निळा. दुरुस्त केलेला डेटा, ओलं सॅम्पल वगळून. लाल टिंबं तिरकी उतरत होती आणि कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ती जायला हवी होती, तिथे एकही होल नव्हतं. आधीच्या सगळ्यांनी खड्ड्याच्या सरळ खाली मारलं होतं आणि निळं मिळालं होतं. आमच्या टीममधला चंद्रपूरचा पोरगा बराच वेळ बघत उभा होता, मग म्हणाला, "ताई, हे इतकी वर्षं कोणी रंगवलंच नाही?"

उत्तर बाजूचं थोडक्यात सांगते. तिकडे जुनी उथळ होल्स रिकामी होती म्हणून ती बाजू बंद मानली होती. पण या भागात वरचा दगड लाखो वर्षं कुजून माती झालाय आणि त्या मातीच्या वरच्या भागातून सोनं धुऊन जातं, कित्येक ठिकाणी वीस-तीस मीटर काहीच मिळत नाही. २५ मीटरला चिकणमातीत थांबलेलं होल रिकामं आलं तर त्यावरून काहीच कळत नाही. आम्ही पुन्हा चौदा होल्स पक्क्या दगडापर्यंत नेली. बारा रिकामी, दोनमध्ये अर्धा ग्रॅम. उत्तर बाजू आता खरंच बंद आहे आणि मी ते रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

दक्षिणेला मोठी अडचण कागदावरच होती. आमच्या लीजची हद्द खड्ड्यापासून दक्षिणेला ५०० मीटरवर संपते. ३५ अंशांनी खाली जाणारी शेंग तोपर्यंत ३५० ते ४०० मीटर खोलीवर पोचलेली असणार, त्यापुढचं सोनं शेजाऱ्याचं. म्हणजे आपल्याला वाढायला जागा किती हे निसर्गाने नाही, हद्दीच्या रेषेने ठरवलं. ओपन अ‍ॅट डेप्थ लिहिणाऱ्यांपैकी कोणी ही रेषा लाँग सेक्शनवर ओढून बघितली नव्हती.

ड्रिलिंगआधी सरकारी मंजुरी आणि हेरिटेज सर्व्हे. त्या जमिनीशी पिढ्यान् पिढ्या नातं असलेल्या समाजातली ज्येष्ठ मंडळी येऊन आमच्याबरोबर चालतात, प्रत्येक पॅडची, म्हणजे ड्रिलिंगचं मशीन उभं करायची जागा बघतात. एका ठिकाणी ग्रॅनाईटच्या उघड्या पाठीवर पाणी साठणारी खोबण होती, वर एक सपाट दगड झाकणासारखा ठेवलेला. एका आजींनी तो सरकवला, आत हातभर पाणी होतं. मार्च महिना, अख्ख्या परिसरात टिपूस नाही. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, दगड परत नीट बसवला आणि काही न बोलता पुढे गेल्या. मी विदर्भातली आहे, उन्हाळ्यातल्या झऱ्याची किंमत मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही ते पॅड ६० मीटर सरकवलं आणि होलचा कोन बदलला.

पहिलं होल बोर्डाच्या आग्रहाखातर खड्ड्याच्या सरळ खाली. ०.४ ग्रॅम. दुसरं शेंगेच्या वरच्या काठावरून चुकलं, बदामी पट्टा होता पण बारीक. तिसरं खड्ड्यापासून दक्षिणेला ३१० मीटरवर, पश्चिमेकडे ६० अंशात. पंधरा दिवस मी साईटवरच होते. ३०० मीटरपर्यंत नुसता हिरवा दगड, ड्रिलर माझ्याकडे बघेनासा झाला. ३१२ व्या मीटरला रंग उडाला. ट्रे खाली ठेवून पाण्याचा फवारा मारला आणि बदामी, बदामी, पांढरी शीर, पायराईट, परत बदामी, नऊ मीटर सलग. मी गुडघ्यावर बसले होते ती उठलेच नाही कितीतरी वेळ.

पण डोळ्याला दिसणं म्हणजे ग्रेड नव्हे. रिझल्टला चार आठवडे. आले तेव्हा ९ मीटर, सरासरी ४.६ ग्रॅम, ऑफिसात टाळ्या. मी आधी कंट्रोल सॅम्पल बघितली. आम्ही दर वीस सॅम्पलमागे एक ज्याची ग्रेड आधीच माहिती आहे असं पाकीट घालतो, आणि त्या बॅचमधली दोन्ही पाकिटं जास्त दाखवत होती. म्हणजे लॅबचं काहीतरी वर सरकलंय. बाहेर जाहीर करायची घाई होती, मी म्हटलं सही करणार नाही, परत तपासा. तो आठवडा फार वाईट गेला, लोक माझ्याशी नीट बोलत नव्हते. शिवाय सोनं दगडात तिळासारखं विखुरलेलं, एकाच सॅम्पलचे दोन भाग तपासले तर एकात ४ आणि दुसऱ्यात ११ येऊ शकतं, म्हणून ५० ग्रॅम चुरा भट्टीत वितळवून तपासायच्या फायर अ‍ॅसेबरोबर फोटॉन अ‍ॅसेही करून घेतलं, त्यात साधारण अर्धा किलो चुरा एकदम एक्स-रेने तपासतात आणि सॅम्पल तसंच शिल्लक राहतं. अंतिम आकडा ३.७ ग्रॅम. आणि होल शिरेला तिरकं छेदतं त्यामुळे ९ मीटरची खरी जाडी ७ च्या आसपास. तरीही उत्तम. पण ४.६ गुणिले ९ आणि ३.७ गुणिले ७ यात केवढा फरक आहे तुम्हीच बघा.

त्यानंतर अजून पाच होल्स, तीन लागली, दोन नाही. शेंग खाली जाताना अरुंद होते पण ग्रेड थोडी वाढते असं चित्र तयार झालं. त्यावरून हद्दीपर्यंतचा अंदाज मी दिला, १५ ते २२ लाख टन, २.५ ते ३.१ ग्रॅम, म्हणजे १ लाख २० हजार ते २ लाख २० हजार औंस. जॉर्क कोड म्हणजे खनिजाचे आकडे जाहीर करायचे ऑस्ट्रेलियातले नियम, त्याप्रमाणे याला एक्सप्लोरेशन टार्गेट म्हणतात, ते रेंजमध्येच सांगायचं असतं आणि हे अजून रिसोर्स, म्हणजे ड्रिलिंगने पुरेसा पुरावा मिळालेला साठा नाही, पुढे ड्रिलिंग करून होईलच असंही नाही, हे तिथेच बाजूला लिहायचं असतं. मॅनेजमेंटच्या मनात पाच लाख होते. खड्ड्यातली १०० मीटरपर्यंतची खोली घेऊन ४०० पर्यंत सरळ गुणाकार केला की तेवढे येतात. पण शेंग अरुंद होतेय हे कोअर सांगतोय तर गुणाकार करायचा कशाच्या जोरावर? मीटिंगमध्ये आवाज चढले. मी भिंतीवरचा रंगवलेला कागद काढून टेबलावर पसरला आणि एकेक टिंब दाखवलं, दोन तास. शेवटी रिपोर्टमध्ये माझीच रेंज छापली गेली.

आणि हेही लिहिलं की वर खुल्या खाणीला २.१ ग्रॅम चालतं पण ३०० मीटर खाली बोगद्याने जायचं तर ३ ग्रॅमसुद्धा काठावर आहे, दगड दुसऱ्याच्या मिलमध्ये न्यावा लागणार, ट्रकचं भाडं, आणि खालच्या ताज्या दगडातून सायनाईडने सोनं निघण्याचं प्रमाण वरच्या कुजलेल्या दगडापेक्षा कमी, आमच्या टेस्टमध्ये ९४ टक्क्यांवरून ८६ वर आलं. औंस वाढले म्हणजे खाण वाढली असं नाही.

आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "अगं पण मिळालं की नाही?" मी म्हटलं, मिळालं, कुठपर्यंत आहे तेही कळलं. ती म्हणाली बरं झालं, जेवलीस का.

आता दक्षिणेकडच्या शेजाऱ्याशी लीजबद्दल बोलणी चालू आहेत. लाँग सेक्शनच्या उजव्या बाजूला मी अजून एक कागद चिकटवलाय, हद्दीची रेषा मध्ये, पलीकडे अजून एकही टिंब नाही. ड्रिलिंगची रिग पुढच्या महिन्यात येतेय, आधी हद्दीच्या अलीकडची दोन होल्स.